गाडी तुमची, किल्ली कंपनीची

मंडळी, पोस्ट मोठी आहे. जुनी 'प्रीमियम' गाडी घ्यायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरीही वाचा, कारण यात तुमच्या साध्या हॅचबॅकचाही संबंध आहे.

मी ट्रॉम्बेत राहतो आणि वीस वर्षं गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतोय. गॅरेजची एस्टिमेटं रोज हाताखालून जातात, त्यामुळे बोलतोय ते ऐकीव नाही.

आमच्या कोळीवाड्यातल्या एका पोराने गेल्या वर्षी नऊ वर्षं जुनी जर्मन सेडान घेतली. सहा सिलिंडर डिझेल, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन. नवी असताना पन्नास लाखांच्या पुढची गाडी, याला मिळाली साडेबारा लाखात, त्यातले आठ लाख कर्जाचे. चार महिन्यांत गिअरबॉक्स झटके द्यायला लागला. पुढचं सस्पेन्शन रात्रीत बसायचं, सकाळी गाडी नाक जमिनीला लावून उभी. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं पाच लाख ऐंशी हजार! विकणाऱ्याने करारातली ओळ दाखवली: 'वाहन जसे आहे तसे'. विषय संपला. हप्ता मात्र चालू आहे.

आता कमेंटमध्ये येईलच, "ऐपत नव्हती तर हत्ती पोसायला सांगितला कोणी?"

अहो, हत्ती असतो हे त्याला सांगितलं कोणी? जाहिरातीत लिहिलेलं असतं 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन'. या गाड्यांचे आजार काही गूढ नाहीत, जगभरातल्या मेकॅनिकना ते तोंडपाठ आहेत. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन झिजते, आणि ती बसवलीये इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. म्हणजे चेनपेक्षा उघडझाकीची मजुरी जड. ऑडीची एका पिढीतली टर्बो पेट्रोल इंजिनं तेल पितात. व्ही-१० इंजिनाच्या जुन्या एम-५ मध्ये बेअरिंग झिजतात, त्या गेल्या की इंजिन गेलं. एअर सस्पेन्शनचं रबर वयानुसार तडकतंच, मग कॉम्प्रेसर अखंड चालून जळतो. त्यात आपला सायन-ट्रॉम्बे रस्ता, माहुलचे टँकर, खड्डे आणि खारी हवा. माझ्या टेबलावरून गेलेले आकडे सांगतो: पुढचा एक एअर स्ट्रट लाखाच्या आसपास, रनफ्लॅट टायरचा सेट लाखाच्या वर, एक एलईडी हेडलाइट दीड ते दोन लाख. गाडीची किंमत पाव होते, सुट्या भागांची होत नाही. हे साधं गणित विकताना कोणीच सांगत नाही.

पण माझा खरा राग महागाईवर नाहीये. तो कुलपावर आहे.

चिता कॅम्पमधल्या एका मिस्त्रीने त्या पोराचा गिअरबॉक्स उघडला, नेमका दोष दाखवला, आणि कुर्ल्याच्या बाजारातून चालू कंट्रोल युनिट निम्म्याहून कमी पैशात आणायची तयारी दाखवली. अडलं कुठे? ते युनिट गाडीला 'ओळख' करून द्यावं लागतं. ती ओळख कंपनीच्या सर्व्हरवरून होते आणि सर्व्हरचा पासवर्ड मिस्त्रीकडे नाही. आजकाल बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी टाकली तरी ती स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते. हात आहेत, अक्कल आहे, पार्ट आहे. परवानगी नाही.

आणि हे कुठे चाललंय? ट्रॉम्बेत! जिथे १९५६ साली 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला, तेव्हा राजस्थानची दुसरी अणुभट्टी अर्धवट होती. ती आपल्या माणसांनी पूर्ण केली. त्या अणुकार्यक्रमाच्या गावात आज एक गिअरबॉक्स अडून बसलाय, का, तर सॉफ्टवेअर उघडायची मुभा नाही म्हणून.

बरं, हे बेकायदा नाही असंही नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना द्या, असा स्पष्ट आदेश होता. त्या चौदांत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज होत्या, तशा मारुती, टाटा आणि महिंद्राही होत्या. म्हणून म्हटलं, तुमचाही संबंध आहे. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, मिस्त्री तिथेच राहिला. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टल आलं. पोर्टलने पासवर्ड मिळत नाही हो!

कायदा कुठे कुठे तोकडा पडतो तेही बघा. सक्तीच्या रिकॉलचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले, पण सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. सेकंडहँड बाजारातल्या कितीतरी गाड्या त्याच्या पुढच्या. जुन्या गाड्यांच्या डीलरना एप्रिल २०२३ पासून आरटीओची अधिकृतता लागते, पण त्या नियमांचा भर मालकी आणि कागदांवर, गाडीच्या तब्येतीवर नाही. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत मात्र डीलरच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के ठरायला वेळ लागला नाही. कर घ्यायला सरकार हजर, जबाबदारी ठरवायला गैरहजर.

सिंगापूरमध्ये २०१२ पासून जुन्या गाड्याही 'लेमन लॉ'खाली येतात. सहा महिन्यांत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरतात, नव्हता हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये गाड्यांसाठी दुरुस्तीचा हक्क मतपेटीतून मिळवला. तिथे कार कंपन्या बंद पडल्या का? नाही.

"मग कोणीही उघडेल, सुरक्षेचं काय?" हा कंपन्यांचा आवडता प्रश्न. चोरीविरोधी कोडसाठी नोंदणीकृत मेकॅनिकची यादी करा, ओळखपत्र द्या, प्रत्येक लॉगिनची नोंद ठेवा. उलट आज काय होतं? परवडत नाही म्हणून लोक वॉर्निंग लाइट बंद करून तशीच गाडी फ्रीवेवर पळवतात. ही सुरक्षा?

मागण्या चारच:

१. डीलरने विकताना ज्ञात दोष, अपघात आणि सर्व्हिस इतिहास लेखी द्यावा. गिअरबॉक्स-इंजिनाची किमान सहा महिन्यांची जबाबदारी घ्यावी.

२. विम्यात 'टोटल लॉस' झालेली गाडी 'वाहन' पोर्टलवर तशी दिसावी. पुरात बुडालेल्या गाड्या लिलावात जातात आणि पॉलिश होऊन दुसऱ्या शहरात विकल्या जातात. हे मी डोळ्यांनी बघतो.

३. निदानाचं सॉफ्टवेअर आणि कोडिंग वाजवी फी घेऊन बाहेरच्या गॅरेजना मिळावं.

४. रिकॉलची सात वर्षांची अट काढावी.

तोवर तुम्ही काय कराल? टोकन देण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐका. 'जसे आहे तसे'वर सही करू नका. फसलाच असाल तर गप्प बसू नका. १९१५ वर फोन करा, ग्राहक आयोगात जा. तक्रार स्वतःही मांडता येते, वकील लागतोच असं नाही.

त्या पोराची गाडी आजही ताडपत्रीखाली उभी आहे. आम्ही आयोगासाठी कागद जमवतोय. तुमच्याकडे असाच करार, असंच एस्टिमेट असेल तर कमेंटमध्ये सांगा. एकाचं प्रकरण फायलीत दबतं, पन्नासांचं दाबायला जड जातं.