पथ्य पाळावे, पण पीठ कोठे दळावे?

औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. गहू सोडा म्हणजे बरे व्हाल, असे डॉक्टरांनी सांगितले की सीलिअ‍ॅक रोगाच्या रुग्णाला प्रथम हायसेच वाटते. भाकरी आणि भात खाणाऱ्या महाराष्ट्रात हे पथ्य कठीण ते काय, असा त्याचा समज असतो. अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या दोन खोल्यांच्या संसारात तो समज महिनाभरही टिकत नाही.

गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे या रुग्णाच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची फळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाची टंचाई झाली, तेव्हा विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हाविषयीचा आधीचाच संशय बळावला आणि १९५० च्या प्रबंधात त्याने तो मांडला. तेव्हापासून आजतागायत खात्रीचा उपाय एकच आहे: पथ्य.

गहू बंद केल्यावर पोटाच्या तक्रारी बहुधा काही आठवड्यांत उतरू लागतात. आतड्याचे अस्तर पूर्ववत होण्यास मात्र प्रौढांना वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. सुरुवातीला अनेकांना दूधही सोसत नाही. कारण दुधातील साखर पचविणारे विकर त्या अंकुरांच्याच टोकांवर असते. अंकुर पुन्हा वाढले की दूधही बहुधा सोसू लागते. तात्पर्य, बरे वाटणे आणि बरे होणे यांत मोठे अंतर आहे, आणि पथ्य मोडते ते नेमके याच अंतरात.

ते केवळ जिभेच्या लालसेने मोडते असे नाही. थालिपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, मेतकुटात असतो, बांधानी हिंगातही अनेकदा गव्हाचेच पीठ असते. सर्वांत मोठी अडचण कोपऱ्यावरच्या गिरणीची. तेथे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू उतरला की त्याच पात्यातून आपली ज्वारी निघते. ग्लूटेनमुक्त म्हणविणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ही मर्यादा गाठली जाते. बाजारातील बंद पाकिटाचे खात्रीचे पीठ साध्या कणकेच्या कित्येक पट महाग. औषधाचा खर्च दोन-चार महिन्यांत संपतो. हा खर्च जन्मभराचा आहे, आणि आजारपणाच्या खर्चात तो कोणी धरीत नाही.

मूठभर रुग्णांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसराच्या पाहणीत सुमारे शंभरांत एकाला हा रोग आढळला. २०१६ च्या पाहणीत दक्षिणेकडे हे प्रमाण हजारांत एक इतके होते. आपल्या उपनगरांत दोन्हीकडची माणसे नांदतात. शिवाय मागणी फार मोठी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्याचाही समावेश आहे. परंतु पदरात कोणते धान्य पडेल हे वाटपाचा आदेश ठरवितो, शिधापत्रिकाधारक नव्हे. डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्या रुग्णास त्याच्या वाट्याच्या गव्हाऐवजी तितक्याच वजनाची ज्वारी, नाचणी वा तांदूळ मिळावा. सरकारी तिजोरीवर याचा भार नाममात्र पडेल. महापालिकेच्या प्रत्येक विभागात एखाद्या महिला बचत गटाला केवळ ज्वारी, नाचणी व तांदूळ दळणारी गिरणी चालविण्यास जागा द्यावी. तपासणी होण्याआधी गहू सोडल्यास निदान फसते, ही सूचनाही प्रत्येक दवाखान्यात लागावी.

रुग्णाला संयम शिकविणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या संयमाला परवडणारे, निर्भेळ पीठ पुरविणे हे मात्र व्यवस्थेचे काम आहे, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.