बर्फाच्या उताराचा रोज अहवाल, मग आपल्या पाणंदीचा का नाही?

आष्टीत बसून हा माणूस बर्फावर काय लिहितोय, असं वाटेल. बरोबर आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, नाहीतर गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडाभर आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात गारांनी शिवारं पांढरी केली, तेवढीच आपली बर्फाशी ओळख. पण आजचा विषय स्की रिसॉर्टचा आहे आणि तो तिथून थेट आपल्या पाणंद रस्त्यावर येतो. जरा शेवटपर्यंत वाचा.

स्की रिसॉर्ट म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं ठिकाण. युरोपात, अमेरिकेत अशी शेकड्यांनी आहेत. आपल्या देशात काश्मीरचं गुलमर्ग आणि उत्तराखंडचं औली ही त्यातली माहितीतली नावं. मला त्या खेळाचं फारसं कौतुक नाही. कौतुक आहे ते तिथल्या एका सवयीचं. चांगल्या रिसॉर्टवर हंगामात रोज सकाळी एक अहवाल निघतो. रात्रीत किती सेंटीमीटर नवा बर्फ पडला, खाली एकूण थर किती आहे, कोणता उतार चालू, कोणता बंद, कुठे मशीन फिरवून बर्फ दाबून घेतलाय, कुठे कडक होऊन निसरडा झालाय, वारा किती, वर नेणारा पाळणा चालू आहे का. प्रत्येक उताराला नाव असतं आणि रंग असतो. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. हिमस्खलनाच्या धोक्याला १ ते ५ असा आकडा असतो. माणूस चहा पिता पिता ते वाचतो आणि कुठे जायचं, कुठे नाही ते ठरवतो.

हा काही श्रीमंतांचा नखरा नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर हिमस्खलन झालं आणि पोलंडचे दोन पाहुणे गेले. तिथे उताराची अवस्था माहीत असणं हा जिवाचा प्रश्न आहे. आणि खरी अवस्था सांगायला धाडस लागतं, हेही लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा ठरल्या होत्या. तारखा जाहीर, तयारी झालेली. पण पुरेसा बर्फच पडला नाही. मग स्पर्धा पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये बर्फ झाल्यावर घेतल्या. म्हणजे जमीन तयार नाही, हे चारचौघांत कबूल केलं गेलं.

आता आपल्याकडे या.

आपली जमीन काळी, भारी. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. नुसता मुरूम टाकला तर दोन पावसांत तो खाली गिळला जातो. बाजूला नाली नसेल तर रस्ता हाच ओढा होतो. जून ते ऑक्टोबर शेतात जायची वाट म्हणजे गुडघाभर गारा. शेगाव-पंढरपूरचा मोठा रस्ता आपल्या भागातून गेला, चांगलंच झालं. पण त्या रस्त्यापासून शेतापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर? तिथे मोटारसायकल बांधाला टेकवायची, चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं.

त्या दोन किलोमीटरवर कोण असतं? खुरपायला निघालेल्या बाया, वस्तीवरून शाळेत येणारी पोरं, दुधाची किटली घेतलेला म्हातारा, सोयाबीनच्या गंजीपर्यंत मळणीयंत्र कसं न्यावं या चिंतेतला शेतकरी. पोत्यामागची मजुरी वाढते, मोसंबीचा व्यापारी “माल रस्त्यावर आणून द्या” म्हणतो आणि भाव पाडतो. एखादी बाळंतीण ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून दवाखान्याला निघते. वाट पुढे तुटलीय हे तिला वाटेतच कळतं.

हौसेने घसरायला आलेल्या पाहुण्याला सकाळी कळतं की कोणता उतार बंद आहे. पोटासाठी चालणाऱ्याला मात्र चिखलात पाय फसल्यावरच कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कायदे आहेत, योजना आहेत. आहेतच. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागता येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. मे २०२५ मध्ये शेतरस्ता किमान तीन-चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असा शासन निर्णय झाला. पण हे सगळं रस्ता मिळवण्याबद्दल आणि बांधण्याबद्दल. मिळालेला, बांधलेला रस्ता जुलैच्या एखाद्या सकाळी चालायच्या लायकीचा आहे का, याची नोंद ठेवायचं काय?

पावसाची नोंद आपण ठेवतो. महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की मंडळात अतिवृष्टी धरली जाते. मग पंचनाम्याचा आदेश निघतो. आणि पंचनाम्याला निघालेला तलाठी कुठे अडकतो? त्याच पाणंदीवर. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्याने हे पुरतं पाहिलंय. आकाशातून किती पडलं ते आकड्यात आहे, खाली जमिनीवर काय झालं ते कुठेच नाही.

आणि अवस्था ओळखायची अक्कल आपल्याकडे नाही असंही नाही. आपल्या भाषेत “वाफसा” हा शब्द आहे. मूठभर माती दाबून शेतकरी सांगतो, आज औत चालेल की उद्या. मातीच्या ओलीला स्वतंत्र शब्द असलेल्या समाजाला रस्त्याची अवस्था चार शब्दांत लिहिता येणार नाही?

मात्र एक धोका आहे, आणि तोही बर्फवाल्यांकडूनच शिकण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांचे हे अहवाल तपासले. गंमत अशी निघाली की शनिवार-रविवारी रिसॉर्टवाले जास्त बर्फ पडल्याचं सांगत. बर्फाला कसला वार? पण गिऱ्हाईक शनिवार-रविवारी येतं ना! ज्यांना थापेचा जास्त फायदा, ते जास्त फुगवत. मग २००९ च्या सुमारास मोबाईलवर सोय आली, खेळणारेच जागेवरून बर्फाची खरी स्थिती टाकू लागले. आणि फुगवाफुगवी एकदम खाली आली. जिथे मोबाईलला रेंज चांगली होती तिथे विशेष.

यात आपलं सगळं आलं. ज्याचं बिल अडकलंय तो रस्ता “पूर्ण” लिहिणार. ज्याला मतं हवीत तो “लवकरच” म्हणणार. खरं काय ते फक्त चालणारा सांगेल. म्हणून अहवाल चालणाऱ्याचाच पाहिजे.

काय करता येईल? खर्च नसलेलं सांगतो.

एक, गावातल्या प्रत्येक पाणंदीला, शिवरस्त्याला नाव आणि नंबर द्या. “त्या पिंपळाच्या पलीकडची वाट” असं अर्जात चालत नाही.

दोन, अवस्था चारच ठेवा. गाडी जाते. ट्रॅक्टरच जातो. पायीच जाता येतं. बंद. यापेक्षा जास्त शब्द घातले की वाद सुरू होतात.

तीन, पावसाळ्यात दर सोमवारी आणि मोठ्या पावसानंतर लगेच, त्या रस्त्यावर शेत असलेल्या दोघांनी फोटो आणि अवस्था गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. दोघे, म्हणजे एकाच्या रागालोभावर काही चालणार नाही. तेच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायचं, कारण सगळ्यांकडे मोबाईल नसतो.

चार, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हंगामाचा हिशेब वाचायचा. कोणता रस्ता किती दिवस बंद होता. पुढचा निधी त्या क्रमाने. कोणाच्या शेताकडे जातो, त्या क्रमाने नाही.

“फळ्यावर लिहून चिखल हटतो का?” असं विचारणारे भेटतील. नाही हटत. पण बंद वाट आधी कळली तर बाळंतीण दुसऱ्या वाटेने निघते. आणि तारखेसह नोंद असली की अर्जात वजन येतं. “रस्ता खराब आहे” हे गाऱ्हाणं झालं. “अमुक नंबरचा रस्ता जुलैत या या तारखांना बंद होता, हे फोटो” हा पुरावा झाला.

दुसरी अडचण कडू आहे. कित्येक पाणंदी सरकारने नाही, बांधाबांधाने खाल्ल्यात. दरवर्षी नांगराचं एक तास रस्त्यात, असं करत गाडवाटेची पाऊलवाट झाली. अवस्था लिहायला लागलो की हेही लिहावं लागेल, आणि मग भाऊबंदकीत तोंडं फिरतील. फिरू देत. आज जो वाट अडवतो, त्याच्याही घरी कधीतरी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागणार आहे.

कुठल्या एका ग्रामपंचायतीला किंवा पक्षाला उद्देशून हे लिहिलेलं नाही. सगळ्याच गावांना लागू आहे. मोठं आंदोलनही मागत नाही. या पावसाळ्यात एका गावाने दहा रस्त्यांपासून सुरुवात केली तरी पुढच्या वर्षी शेजारचं गाव विचारायला येईल.

सुरुवात इथेच करू. खाली कमेंटमध्ये तुमच्या पाणंदीचं नाव, शिवार आणि आजची अवस्था लिहा. चारांपैकी एकच शब्द पुरे. आणि फोटो असेल तर तारखेसह टाका.