गोळी पेटीवरून नाही, लॉटवरून निवडा

'.22 साठी बेस्ट गोळी कुठली?' हा प्रश्नच चुकीचा आहे. तरी आपल्याकडे नेमबाजी शिकणाऱ्या प्रत्येक पोराला त्याचं उत्तर फुकटात मिळतं. टेनेक्स घे, मिडास घे, आर-50 घे. थोडक्यात काय, तर महाग ती चांगली!

मी वाशिमचा. आमच्याकडचा जाणता शेतकरी पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. 70 च्या खाली आले की बियाणं बाजूला. पिशवीवरचं चित्र कितीही हिरवंगार असो, तो भुलत नाही. मग हजारोंची काडतुसं घेताना आपण पेटीच्या रंगावर का भाळतो राव?

आता जरा गणित. रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो कमीजास्त पसरला की वेग बदलतो. सेंटरफायरसारखं हे काडतूस घरी पुन्हा भरून सुधारता येत नाही, म्हणजे आपल्या हातात फक्त निवड उरते. मॅचची गोळी साधारण 325 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. त्यात 10 मीटरचा फरक पडला, की 50 मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वरखाली जाते. टार्गेटवरच्या दोन रिंगांमधलं अंतर किती? 8 मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ अख्खा एक गुण!

एका गुणाने काय होतं म्हणता? 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे 590 गुणांवर सातवा आला, फायनलला गेला आणि ब्राँझ घेऊन आला. ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर 589 वर अकरावा राहिला. हा फरक गोळीने पाडला असं मी अजिबात म्हणत नाही. एका गुणाची किंमत सांगतोय, एवढंच.

आणि लोकांची टेस्टिंग कशी? पाच गोळ्या झाडायच्या, सगळ्यात देखण्या ग्रुपचा फोटो काढायचा आणि लांब गेलेली गोळी 'माझीच चूक' म्हणून सोडून द्यायची. आमच्या ऑफिसात कोणी फेल झालेल्या टेस्ट वगळून रिपोर्ट दिला तर त्याला हाकलतील!

नीट करायचं तर रायफल क्लॅम्पमध्ये बसवा. लॉट बदलला की नव्या वंगणाला बॅरल सरावेपर्यंतच्या काही गोळ्या मोजू नका. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्या, एकही गोळी न वगळता. त्यात सगळ्यात वाईट ग्रुप कुठला ते बघा, कारण मॅचमध्ये तोच छळणार आहे. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे वागतात. तुमच्या मित्राच्या रायफलला मानवलेला लॉट तुमच्या रायफलला मानवेलच असं नाही.

'आधी पोझिशन सुधार, गोळीचं मग बघू,' असं जुनेजाणते सांगतात. नवशिक्यासाठी खरं आहे ते. पण रायफल आणि गोळी मिळून किती पसरतात हेच माहीत नसेल, तर आलेला नऊ पोराचा की लॉटचा, हे कोच कशावरून ठरवणार? चाचणी नसली की शिव्या पोरालाच बसतात.

आणि आपल्याकडे गोळी परवान्यावर मोजून मिळते. वाशिमच्या पोराने एकट्याने चार लॉट मागवून बघायचे कुठून? बर्मिंगहॅमला ईलीची आणि जर्मनीत लापुआची टेस्ट रेंज आहे, तिथे बॅरल घेऊन जाणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बालेवाडीसारख्या मोठ्या रेंजवर एक कायमचा क्लॅम्प हवा. प्रत्येक लॉटच्या थोड्या पेट्या चाचणीसाठी राखून ठेवा, जिल्ह्यातल्या पोरांना तारखा द्या आणि आकडे सगळ्यांना दिसतील असे लावा. एका बॅरलसाठी निवडलेल्या लॉटची पुरेशी गोळी त्याच पोराला मिळू द्या.

खर्च होईल, कबूल. पण न तपासलेल्या गोळीवर आई-बापाचे पैसे दर महिन्याला उडतायत, तो हिशोब कोण मांडणार?