झबलं वर करा, श्वास मोजा

नवरात्रातली रेणुकामातेची यात्रा आटोपते, हळूहळू थंडी पडते आणि अहिल्यानगरच्या केडगावातली लहानगी खोकू लागतात. मग घरचं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन खोकल्याची बाटली आणतं. ताप असेल तर दोन गोळ्याही मागून घेतं. बाळाचं झबलं वर करून त्याचा श्वास मात्र क्वचितच कुणी बघतं.

बघायचं असतं तेच. साध्या सर्दी-खोकल्याला ना बाटली लागते ना अँटिबायोटिक. तो आपोआप बरा होतो. न्यूमोनिया मात्र थांबत नाही, आणि त्याची पहिली खूण घरातच दिसते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतलं ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांचं मूल ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं. मोजताना मूल शांत हवं, रडत किंवा दूध पीत नको. मोजायचं पूर्ण एक मिनिट. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल पाजलं तरी पीत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर थेट रुग्णालय गाठायचं.

हे अडाणी बाईला कसं जमणार, असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीने कधीच उत्तर दिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या निरक्षर सुईणींच्या हाती श्वासमापक दिला. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे आकडे आले. हे काम झालेल्या गावांत पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाने ८.१ मृत्यू झाले होते, इतर गावांत १७.५.

आणि गडचिरोलीपर्यंत तरी कशाला जायचं? याच जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

बाटलीचा मोह किती महाग पडू शकतो, हे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याने दाखवलं. खोकल्याच्या औषधातल्या विषारी डायइथिलीन ग्लायकॉलने तिथली वीसहून अधिक मुलं दगावली; त्यातली बरीच नागपूरला उपचार घेताना गेली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने त्यानंतर बजावलं. पाच वर्षांपर्यंतही ती सहसा टाळायचीच आहेत.

पैसे वाचवायचे असतील तर लशीवर वाचतात. न्यूमोनियापासून जपणारी न्यूमोकोकल लस खासगीत काही हजारांची. सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना ती फुकट मिळते.

दरवर्षी १२ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सरकारची न्यूमोनियाविरोधी 'सांस' मोहीम चालते. केडगावात ती फलकांवर अडकून राहू नये. महापालिकेने प्रत्येक अंगणवाडीत आयांना बसवून, मोबाइलमध्ये एक मिनिट लावून, त्यांच्याच मुलांचे श्वास त्यांच्याकडून मोजून घ्यावेत. आजी आणि वडीलही बोलवावेत. रात्री मुलाला उचलून कुठे न्यायचं, हा निर्णय बहुतेक घरांत त्यांचाच असतो.