भीमथडीचं तट्टू चालणार कुठून?

‘रानटी घोडे वाचवा’ म्हटलं की डोळ्यांसमोर मंगोलियाचा माळ येतो, नाहीतर अमेरिकेतले धूळ उडवत पळणारे मस्टँग. आपल्या बेळगाव-निपाणीकडे असले घोडे नाहीत. खरं तर मूळचा रानटी घोडा आज भारतात कुठंच नाही. आसामात दिब्रू-सैखोवाला मोकळे कळप आहेत. पण तेही दुसऱ्या महायुद्धात मागे राहिलेल्या लष्करी घोड्यांचे वंशज मानले जातात. तरी मी हा विषय घेतलाय. कारण निम्मा मोकळा असा एक कळप आपल्या दारावरून जातो आणि आपण हॉर्न वाजवून त्याला बाजूला सारतो.

धनगरांची घोडी म्हणतोय मी. सुगी संपली की मेंढरांबरोबर बिऱ्हाड निघतं. पाल, पातेली, कोंबड्या, सकाळीच जन्मलेलं कोकरू, कधी एखादं लहान पोर, सगळं घोड्याच्या पाठीवर. संध्याकाळी ओझं उतरलं की पायात दावं अडकवून घोडं माळावर सोडायचं. तबेला नाही, चंदी नाही. मिळेल ते गवत खाऊन ते दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला तयार.

या तट्टांचं नाव आपल्याला पाठ आहे. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली महाराष्ट्राच्या राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीची तट्टं आहेत. सीमाभागात ते गीत आपण जरा जास्तच जोरात म्हणतो! अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. आधीच्या सात जातींत ही आठवी. आपल्या रस्त्यावरचं प्रत्येक तट्टू अस्सल भीमथडी असेल असं मी म्हणत नाही. पण ही जात टिकली ती राजांच्या पागेत नव्हे, असल्याच बिऱ्हाडांत.

घोड्यावर आपली श्रद्धा मात्र दांडगी. मे २०२१ मध्ये, ऐन कोरोनात, गोकाकजवळ कोण्णूरला देवाच्या नावानं सोडलेला घोडा मेला. त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो लोक जमले, मग प्रशासनानं मरडीमठ गाव बंद केलं. देशभर बातमी झाली ती गर्दीची. मेलेल्या घोड्यामागं एवढी माणसं चालतात. जिवंत घोड्याला चालायला वाट आहे का, हे विचारायला चार तरी निघावीत.

कच्छच्या रणातल्या रानगाढवाचं उदाहरण बघा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती जेमतेम ३६२ उरली होती. अभयारण्य झालं आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली. तिथं जागा राखली आणि जनावर वाचलं. तट्टाला तो उपाय लागू पडत नाही. त्याला कुंपणात घातलं तर ते दोन पिढ्यांत लग्नाच्या वरातीतलं घोडं होऊन बसेल. त्याचं अभयारण्य म्हणजे वाट. ती वाट आता तवंदी घाटाजवळ हायवेला अडते, पुढं उसात अडते. पूर्वी शेतकरी खतासाठी मेंढरं बसवायला बोलवायचे. आता पोत्यातलं खत आलं, मोकळं रान राहिलं नाही. बिऱ्हाड टेम्पोत चढलं की घोडं विकायचं.

यावर कुणी म्हणेल, घोड्यांसाठी धनगरांच्या पोरांनी जन्मभर भटकायचं का? प्रश्न रास्त आहे. शिकायचं, नोकरी करायची, घर बांधायचं, हा त्यांचा हक्कच. पण स्वतःहून थांबणं वेगळं आणि वाटच बुजल्यामुळं थांबावं लागणं वेगळं. आज दुसरंच चाललंय असं मला वाटतं.

पट्टणकोडोलीच्या आणि आप्पाचीवाडीच्या यात्रेला दोन्ही राज्यांतले धनगर येतात. तिथं घोड्यांसाठी डॉक्टरांचा एक तंबू असावा, ही मागणी काही फार मोठी नाही. त्याहून अवघड काम गायरानाचं. निपाणी तालुक्यात कुठल्या गावाच्या उताऱ्यावर किती गायरान आहे आणि जागेवर प्रत्यक्ष काय उभं आहे, हे आपल्या मंडळानं एका सुट्टीत फिरून लिहून काढावं. उतारे कन्नडात असतात, तेव्हा कन्नड विभागातला एखादा मित्र बरोबर घ्या.