डब्यातली शिल्लक कुणाची?



जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या, की माणसं कशी खुलतात, पाहा! ही खोड काही आपलीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ब्रिटनच्या गावांत-खेड्यांत वाढलेली माणसं बालपणाबद्दल सांगू लागली, की आपल्या आजोळच्याच गप्पा ऐकतो आहोत असं वाटतं. हिवाळ्याच्या सकाळी दाराशी ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या, थंडीनं गोठून वर आलेली साय आणि तिच्या डोक्यावर टोपीसारखं बसलेलं झाकण. ते झाकण चोचीनं फोडून साय पळवणारी, चिमणीहूनही लहान अशी ब्लू टिट पाखरं. लांब काट्याला टोचून निखाऱ्यांवर भाजलेला पाव. शनिवारी रात्री चुलीपुढं मांडलेला पत्र्याचा टब आणि त्यात एकामागून एक उरकलेल्या पोरांच्या आंघोळी.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी कोण? अर्थातच आई! पण आठवणींचं एक असतं, बरं का. आईच्या हातची चव त्या नीट जपून ठेवतात. हाताला पडलेले घट्टे मात्र विसरतात. म्हणून आज आपण त्या आईकडे जरा जवळून पाहू या. तिच्या कामाकडे, आणि मुख्य म्हणजे तिच्या पैशाकडे.

आधी तिचा आठवडा पाहा. सोमवार धुण्याचा. लँकेशरच्या गिरणगावांत विटांची घरं एकाला एक चिकटून उभी. पहाटे उठून 'कॉपर' पेटवायचा, म्हणजे खाली विस्तव असलेला पाणी तापवण्याचा मोठा हंडा. कपडे उकळायचे, टबात घालून लाकडी दांडक्यानं घुसळायचे, नीळ आणि खळ द्यायची आणि मग 'मँगल'च्या दोन रुळांमधून पिळून काढायचे, चरकातून ऊस काढावा तसे! (आपल्याकडची रॉबिन नीळ त्या रेकिट कंपनीचीच.) घरामागच्या गल्लीत दोऱ्या ताणलेल्या. वारा फिरला आणि गिरणीच्या धुराड्याची काजळी चादरींवर बसली, की धुणं पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी वेगळा स्वयंपाक कुठला? रविवारी भाजलेल्या मांसातलं उरलेलं, थंडच पानात पडायचं.

मंगळवारी इस्त्री. पुढं एक दिवस पाव-केक भाजण्याचा, एक शिवणटिपणाचा. शुक्रवारी साफसफाई. लोखंडी चूल काळं पॉलिश लावून चकचकीत करायची आणि उंबरठ्याची पायरी 'डाँकी स्टोन' नावाच्या दगडी वडीनं घासून तिची कड उजळायची. ही वडी कशी मिळायची ठाऊक आहे? जुन्या चिंध्या घेऊन जाणारा फेरीवाला ती बदल्यात द्यायचा. आपली बोहारीण जुन्या लुगड्यांवर पातेलं देते, अगदी तसंच! पायरी कुणाची किती उजळ आहे, यावरून शेजारणी एकमेकींची पारख करायच्या. हेही ओळखीचं वाटतं ना?

तो पत्र्याचा टब आठवणींत फार गोड दिसतो. पण पाणी तापवायचं कुणी, ओतायचं कुणी आणि शेवटी तो टब उचलून रिकामा करायचा कुणी? १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या तीनातल्या एकाहून अधिक कुटुंबांकडे कायमचा बसवलेला न्हाणीचा टब नव्हता. खेड्यात तर पाणीही कित्येकींना पंपावरून किंवा विहिरीवरून आणावं लागे.

आता येऊ पैशाकडे. शुक्रवारी पगाराचं पाकीट घरी यायचं. काही घरांत नवरा ते न उघडता बायकोच्या हातात ठेवी आणि स्वतःच्या खर्चाला चार पैसे मागून घेई. काही घरांत तो घरखर्चाची ठरावीक रक्कम टेबलावर ठेवी. त्याचा खरा पगार किती, हे बायकोला जन्मभर कळत नसे. पैसे आले, की ती डबे काढून बसायची. एक डबा घरभाड्याचा, एक कोळशाचा, एक विम्याचा. गॅससाठी पेनी वेगळ्या, कारण घरातल्या मीटरमध्ये पेनी टाकली तरच गॅस यायचा. मीटरवाला येऊन जेवणाच्या टेबलावर नाण्यांचे ढीग लावी आणि हिशोबात जास्त भरलेले परत देई. तो दिवस पोरांनासुद्धा सणासारखा. बारा पेनीचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड, असा तो जुना हिशोब १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालला. आपले सोळा आणे १९५७ मध्ये गेले, म्हणजे आपणच त्यांच्या आधी सुटलो म्हणायचं!

आणि डबे भरलेच नाहीत तर? मग सोमवारी नवऱ्याचा रविवारचा ठेवणीतला सूट गहाणवटीच्या दुकानात जायचा आणि शनिवारी पगारातून सुटून यायचा. कित्येकदा नवऱ्याला याचा पत्ताही नसे. घराची अब्रू राखायची ती अशी.

या आयांचा एक मोठा आधार म्हणजे 'को-ऑप', सहकारी दुकान. लँकेशरमधल्या रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ सभासदांनी ते सुरू केलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं भरड आणि मेणबत्त्या, एवढाच पहिला माल. पण कल्पना मोठी! नफा मालकाच्या खिशात न जाता ज्यानं जितकी खरेदी केली त्याला त्या प्रमाणात परत. हाच तो 'डिव्ही'. पुढं गावोगावी अशी दुकानं निघाली. वाणसामान आणायला पाठवलेलं पोर गल्ल्यावर आईचा सभासद क्रमांक घडाघडा म्हणे. आज ऐंशी-नव्वदीच्या घरात असलेल्या कितीतरी जणांना आईचा तो क्रमांक अजून तोंडपाठ आहे. डिव्ही मिळाला, की त्यातून पोरांचे बूट आणि शाळेचे कपडे. हा पैसा म्हणजे आईच्या काटकसरीचं फळ, हे लहान पोरालाही कळत होतं.

मग युद्ध आलं. ८ जानेवारी १९४० ला रेशन सुरू झालं आणि ४ जुलै १९५४ ला, मांसावरचं बंधन उठल्यावर, पूर्ण संपलं. साडेचौदा वर्षं! माणशी आठवड्याला चहा दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. लोणीही बहुतेक काळ तेवढंच, आणि ताजं अंडं एखादंच. १९४१ पासून कपड्यांनाही कूपनं लागली. बायांनी पडद्यांचे झगे शिवले, जुने स्वेटर उसवून नवे विणले. गॅस वाचवायला गवताची पेटी वापरली: रस्सा उकळी आणून थोडा शिजवायचा आणि झाकणासकट पातेलं गवत ठासलेल्या पेटीत घट्ट बंद करायचं, पुढं काही तास तो आपल्याच उष्णतेवर शिजत राही. (तूर किंवा हरभऱ्याची डाळ शिजवताना पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून तुम्हीही असा गॅस वाचवू शकता. फक्त आधी खळखळून उकळी हवी आणि मध्ये झाकण उघडायचं नाही.) कोंड्याचा मांडा करणं म्हणजे काय, हे त्या बायकांना कुणी शिकवायला नको होतं.

आता ऐका, मी ज्यासाठी ही सगळी कथा लावली ती गोष्ट. ऐन युद्धात, १९४३ मध्ये, इंग्लंडच्या अपील कोर्टात एका जोडप्याचा खटला आला. बायकोनं घरखर्चातून पै-पै वाचवून को-ऑपमध्ये शंभरावर पौंड साठवले होते. पुढं दोघं वेगळी झाली आणि प्रश्न आला, हे पैसे कुणाचे? कोर्टानं सांगितलं, नवऱ्याचे! कारण पैसे त्यानं घर चालवायला दिले होते. उरले तर ते त्याचेच.

वाचून चटका बसतो ना? सरकार एकीकडे गृहिणींना सांगत होतं, काटकसर करा, काटकसरीनं युद्ध जिंकायचं आहे. आणि ती काटकसर करणारीचा त्या शिलकीवर हक्क काय, तर शून्य. मोकळा पडलेला पैसा नवऱ्यानं उडवला असता तरी तो त्याचा. बायकोनं तो पोटाला चिमटा घेऊन राखला, तरीही त्याचाच!

पण त्या बायका नुसत्या उसासे टाकत बसल्या नाहीत. को-ऑपच्या दुकानात जाणाऱ्या गृहिणींनी १८८३ मध्येच स्वतःचा संघ उभारला होता, 'विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड'. सरकारी विम्यातून बाळंतपणाचे तीस शिलिंग मिळू लागले, तेव्हा ते आईच्याच मालकीचे असावेत असा आग्रह या गिल्डनं धरला आणि १९१३ मध्ये तशी दुरुस्ती करून घेतली. दुसऱ्या लढाईत पुढं होत्या खासदार एलिनॉर रॅथबोन. मुलांसाठीचा सरकारी भत्ता बापाच्या नव्हे, आईच्या हाती पडला पाहिजे, यासाठी त्या कित्येक वर्षं भांडल्या. १९४५ मध्ये कायदा झाला. पुढच्या वर्षापासून पहिलं मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, आणि आया पुस्तक घेऊन मंगळवारी पोस्टाच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. कित्येकींच्या आयुष्यात स्वतःच्या नावानं आलेला हा पहिलाच पैसा होता.

आणि तो डब्यातला पैसा? त्यासाठी १९६४ साल उजाडावं लागलं. एडिथ समरस्किल या डॉक्टरबाईंनी संसदेत पाठपुरावा केला आणि कायदा झाला: नवऱ्यानं दिलेल्या घरखर्चातून जे उरेल, त्यात दोघांचा निम्मानिम्मा वाटा, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. निम्माच, पण हक्काचा. खटल्यापासून एकवीस वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, हे सारं तिकडचं. आपल्याला काय त्याचं? जरा ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि घरोघरी डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देवघराच्या खणातून नोटा बाहेर आल्या. कुणी हसून सांगितलं, कुणी रडून. आणि "अगं, एवढे पैसे तुझ्याकडे आले कुठून?" हा प्रश्न कितीजणींना ऐकावा लागला! आले कुठून म्हणजे? भाजीवाल्याशी केलेल्या घासाघाशीतून आले, जुनी साडी आणखी एक वर्ष नेसण्यातून आले.

म्हणून माझं एक सांगणं आहे. तुमची शिल्लक डाळीत ठेवू नका. डाळीत तिला ना व्याज, ना नाव. तुमच्या एकटीच्या नावाचं खातं असू द्या आणि महिन्याला जमेल ते, शंभर रुपये का होईना, त्यात टाका. पासबुक स्वतः वाचा, वारसाचं नाव स्वतः घाला. घरात लपवून करा असं मी म्हणत नाही; उलट सगळ्यांना सांगून करा. घरखर्चाची एक वही ठेवा आणि महिनाअखेरी शेवटच्या ओळीत 'मी वाचवले' असं लिहून आकडा टाका. तो आकडा नवऱ्यानंही पाहू द्या आणि मुलांनीही.

उद्या तुमची मुलंही आठवणी सांगतीलच. आईच्या पुरणपोळीची, दिवाळीच्या पहाटेच्या उटण्याची आठवण ती काढतीलच, त्याची काळजी नको. पण त्या पोळीमागचा जमाखर्च आईनं कसा सांभाळला, आणि त्यातून राहिलेले चार पैसे हक्कानं तिचे होते, हेही त्यांना सांगता आलं पाहिजे. त्यासाठी ते आज तुमच्या नावावर हवेत.