नळी का आकसते ते आधी विचारा

उष्णता दिली असता पदार्थ प्रसरण पावतात, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. धातूचा गोळा तापवल्यावर कड्यातून जात नाही, हा प्रयोगही बहुतेकांनी पाहिलेला असतो. आता विजेच्या सामानाच्या दुकानातून काळ्या किंवा तांबड्या रंगाची एक मऊसर, पातळ नळी आणा. तिचा बोटभर तुकडा कापा आणि त्यावर गरम हवेचा झोत सोडा. नळी फुगत नाही. पाहता पाहता ती निम्मी बारीक होते आणि आत तार असेल तर तिला घट्ट धरून बसते. थंड झाल्यावरही ती पकड सैल होत नाही.

दुकानात हिला 'हीट श्रिंक स्लीव्ह' किंवा नुसतेच 'स्लीव्ह' म्हणतात. आपण या लेखापुरते तिला आकुंचन-नळी म्हणू. दोन तारांच्या जोडावर विद्युतरोधक आवरण घालणे, हे तिचे नेहमीचे काम. परंतु अलीकडे तिचे 'नाना उपयोग' सांगण्याची हौस फार वाढली आहे. बुटाच्या नाडीच्या टोकाला लावा, किल्लीला रंगीत टोपी घाला, चिमट्याला मऊ बोटे करा. शालेय विज्ञान प्रदर्शनांतही अशा युक्त्यांचे तक्ते टांगलेले दिसतात.

माझी तक्रार या युक्त्यांविषयी नाही. त्यांतल्या काही खरोखरच नामी आहेत. तक्रार आहे ती याद्यांविषयी. यादी पाठ होते, नळी कळत नाही. ही नळी का आकसते आणि किती तापमानाला आकसते, हे दोन प्रश्न विद्यार्थ्याने आधी विचारले, तर उपयोग त्याचे त्यालाच सुचतील. आणि ती कोठे वापरू नये हेही कळेल. या दुसऱ्या गोष्टीविषयी याद्या हमखास गप्प असतात.

तेव्हा आधी कारण पाहू. पुष्कळशा आकुंचन-नळ्या पॉलिएथिलीन किंवा त्याच्या जातीच्या बहुवारिकांच्या असतात. पॉलिएथिलीनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांबच लांब माळ. साध्या पॉलिएथिलीनमध्ये या माळा शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या, पण सुट्या असतात. म्हणून ते तापवले की वितळून वाहू लागते. नळीच्या कारखान्यात मात्र तिच्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. त्यामुळे माळांवरचे काही हायड्रोजन अणू उडून जातात आणि शेजारशेजारच्या माळा एकमेकींना आडव्या बंधांनी जोडल्या जातात. सुट्या शेवयांचे जणू जाळे बनते. मग ही नळी तापवून, आतून दाब देऊन दुपटीने किंवा तिपटीने रुंद करतात आणि तशीच ताणलेली असताना थंड करतात. थंड होताना माळांचे काही भाग स्फटिकरूपात घट्ट रचले जातात आणि हे छोटे स्फटिक ताणलेल्या जाळ्याला कुलूप घालतात. आपण नळी तापवतो तेव्हा स्फटिक वितळतात, कुलूप उघडते आणि जाळे आपल्या मूळ आकाराकडे परत जाते.

म्हणजे पाठ्यपुस्तकातले वाक्य खोटे पडले काय? नाही. नळीच्या द्रव्याचे घनफळ तापवल्यावर थोडे वाढतेच. आकसतो तो आकार, द्रव्य नव्हे. ताणलेल्या रबराला उष्णता दिली तर तेही आखडते. रबरी पट्ट्याला वजन टांगून पट्टा गरम करा, वजन किंचित वर उचलले जाते. दोन्हीकडे कारण एकच. ताणलेल्या, सरळ रचनेपेक्षा वेटोळ्या, विस्कळीत रचनेत राहण्याकडे लांब माळांचा कल असतो.

पॉलिएथिलीनमध्ये प्रारणामुळे असे आडवे बंध तयार होतात, याविषयीचे महत्त्वाचे संशोधन ब्रिटनमधील हार्वेल येथे आर्थर चार्ल्सबी यांनी केले आणि १९५२ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५७ मध्ये पॉल कुक यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये रेकेम ही कंपनी स्थापन केली आणि प्रारण-रसायनशास्त्राच्या जोरावर तारांची आवरणे व आकसणाऱ्या नळ्या यांचा मोठा उद्योग उभा केला. अणुभट्टीजवळच्या प्रयोगातून निघालेली वस्तू आज गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या खणात असते. आपल्याकडेही नवी मुंबईत खारघर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे इलेक्ट्रॉन शलाका केंद्र आहे.

आता थोडे मोजमाप. नळीवर २:१, ३:१ किंवा ४:१ असे गुणोत्तर सांगितलेले असते. मूळ व्यास आणि पूर्ण आकसल्यावरचा व्यास यांचे हे गुणोत्तर. व्यास निम्मा झाला तर उरलेले द्रव्य गेले कोठे? समजा, नळीचा आतील व्यास ६.४ मिमी आणि भिंतीची जाडी ०.३७ मिमी आहे. आकसल्यावर व्यास ३.२ मिमी झाला आणि जाडी ०.६५ मिमी भरली. भिंतीचे काटछेदी क्षेत्रफळ पाय गुणिले आतील व्यास अधिक जाडी, गुणिले जाडी असे येते. पाय सोडून गुणाकार केलात तर पहिला सुमारे २.५० आणि दुसराही २.५० चौरस मिमी. लांबीत फारसा फरक पडत नाही, म्हणून द्रव्य जेथल्या तेथे आहे. फक्त भिंत जाड झाली. व्हर्निअर कॅलिपर किंवा स्क्रू गेज घेऊन नववीचा विद्यार्थी हे सहज पडताळू शकतो. शिसाच्या छऱ्याचा व्यास दर वर्षी मोजण्यापेक्षा हे मोजणे मला अधिक अर्थपूर्ण वाटते.

याच गुणोत्तरावरून एका लोकप्रिय युक्तीची परीक्षा घेऊ. मोबाइलच्या चार्जिंग केबलची मान जेथे डोक्याला जोडलेली असते तेथे ती वाकून वाकून फाटते. 'नळी चढवा आणि तापवा' असे यादीत असते. पण नळी आधी डोक्यावरून जायला हवी ना! डोके चपटे असते. तेथे व्यास नव्हे, परीघ पाहायचा. रुंदी १२ मिमी आणि जाडी ६ मिमी असेल तर परीघ जास्तीत जास्त ३६ मिमी. त्याला ३.१४ ने भागले की सुमारे ११.५. म्हणजे १२ मिमीची नळी जेमतेम जाईल. केबल मात्र ३.५ मिमी जाडीची. २:१ ची नळी आकसून ६ मिमीवर थांबेल, ३:१ ची ४ मिमीवर. दोन्ही सैलच राहतील. ४:१ ची नळी ३ मिमीपर्यंत जाऊ पाहील आणि केबलला पकडेल. पैसे खर्च करण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहिल्या की एवढे कळते. शिवाय एकाच जाड नळीपेक्षा, आत लांब आणि वर आखूड, असे दोन थर दिले तर केबल एका ठिकाणी मोडत नाही. वाक हळूहळू वाढत जातो. फाटणे थांबते ते त्यामुळे.

हे मात्र बाहेरचे आवरण नुकतेच चिरू लागले असेल तेव्हाचे. आतली तार उघडी दिसत असेल तर केबल बदलावी. आणि इस्त्री, मिक्सर, पाण्याचा हीटर यांच्या २३० व्होल्टच्या वायरीवर तर विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करूच नये. वरून नीटनेटकी दिसणारी, आतून तुटकी वायर ही उघड्या वायरीपेक्षा धोक्याची, कारण तिच्याकडे पाहून कोणी सावध होत नाही.

आता तापमानाचा प्रश्न. पॉलिएथिलीनच्या जातीच्या नळ्या साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास आकसू लागतात आणि पुरत्या आकसायला १२० अंशांच्या आसपास तापमान लागते. पुष्कळ नळ्यांवर १२५ अंश, ६०० व्होल्ट असे आकडे छापलेले असतात. ते आकसण्याचे तापमान नसून वापराची कमाल मर्यादा असते. हे दोन आकडे ध्यानात ठेवून पुढच्या सूचना तपासा.

पट्टी-चुंबकावर तांबडी नळी चढवून उत्तर ध्रुव दाखवावा, अशी एक सूचना असते. शाळेतल्या जुन्या पोलादी किंवा अल्निको चुंबकावर खुशाल चढवा. पण हल्ली छोटे, चकचकीत, फार जोरदार निओडायमियमचे चुंबक मिळतात. त्यांतल्या साध्या प्रतीच्या चुंबकांची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. त्यापलीकडे तापवले तर ते आपली शक्ती कायमची गमावू लागतात. नळी छान बसेल आणि चुंबक दुबळा होईल.

परीक्षानळीच्या चिमट्याला नळीची मऊ बोटे करावीत, ही दुसरी. टपाल तिकिटे उचलण्याच्या चिमट्याला ती उत्तम. ज्योतीवर धरायच्या चिमट्याला नव्हे. काचेच्या तापमापीवर आवरण म्हणून नळी बसवणे तर निव्वळ वेडेपणा. ११० अंशांपर्यंतच्या तापमापीवर गरम हवेचा झोत सोडला तर फुगा फुटलाच म्हणून समजा. विद्युतघटांवरही नळी तापवू नये. बाजारातल्या लिथियमच्या अनेक गोल घटांवरचे रंगीत वेष्टन हे आकसणारेच असते, हे खरे. पण ते बसवण्याचे काम कारखान्याचे.

मग चांगले उपयोग कोणते? पेन्सिलीचा उरलेला तुकडा जुन्या पेनाच्या नळकांड्याला जोडणे. सायकलच्या ब्रेकच्या तारेचे टोक पिंजारते ते बांधणे. काचकांडीच्या टोकाला मऊ टोपी करणे, म्हणजे चंचुपात्राच्या तळाला ओरखडा पडत नाही. या सगळ्यांत नळीचा एकच गुण कामी येतो. ती सर्व बाजूंनी सारखी दाबते आणि दाबतच राहते. सुतळीची गाठ एका जागी आवळते, नळी सगळीकडे. मला सर्वांत आवडलेला उपयोग वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांतला आहे. शरीरात घालावयाच्या कॅथेटरचे थर एकजीव करताना त्यांवर एका खास फ्लुओरिनयुक्त बहुवारिकाची आकुंचन-नळी चढवून तापवतात. आतले थर मऊ होतात, नळी त्यांना चोहोकडून दाबते, ते जुळून येतात. आणि मग नळी सोलून फेकून देतात. येथे नळी हे आवरण नाही, दाबणारा हात आहे. ज्याने हे प्रथम योजले त्याला नळीचा गुण कळला होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रदर्शनांत या युक्त्या 'टाकाऊतून टिकाऊ' या सदरात मांडतात, ते मला पटत नाही. आडव्या बंधांमुळे ही नळी पुन्हा वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही. तिचा प्रत्येक कापलेला तुकडा हा नवा कचरा आहे. बुटाच्या नाडीचे टोक मेणाच्या दोऱ्याने बांधून भागत असेल तर दोराच बरा. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी तर पुष्कळ ठिकाणी नळीइतकेच काम करते.

तसेच तापवण्याविषयी. मेणबत्ती, काडी, लायटर यांवर नळी धरू नये. एका बाजूने काजळते, दुसऱ्या बाजूने आकसतच नाही. शिवाय काही नळ्या पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. गरम हवेची गन शिक्षकांच्या हाती असावी, खिडक्या उघड्या असाव्यात. तिच्या तोंडाशी हवा सहज ३०० अंशांच्या वर जाते.

शाळांसाठी मात्र या नळीचा सर्वांत मोठा उपयोग मला तिच्या मूळ कामातच दिसतो, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. अकरावीत येणाऱ्या मुलांना प्रात्यक्षिकांच्या वेळी मी दर वर्षी विचारतो की शाळेत ओहमच्या नियमाचा प्रयोग कोणी स्वतः केला. हात थोडेच वर होतात. कारण विचारले तर 'मीटर होते, पण वायरी तुटलेल्या होत्या' हे उत्तर हटकून येते. हजारो रुपयांचे मीटर कपाटात बंद, आणि अडले ते जोडतारेच्या मोडक्या टोकापाशी! क्रोकोडाइल क्लिपला तार सोल्डर करावी, जोडावर नळी चढवून तिचे टोक तारेच्या आवरणापर्यंत न्यावे, तांबडी धन आणि काळी ऋण. नळी जोड झाकते, जोड करीत नाही, एवढे भान ठेवावे. शिक्षकांनी दोन सलग तासिका दिल्या तर आठवी-नववीची मुले सगळ्या जोडतारा दुरुस्त करतील. प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही तक्त्यावरच्या दहा युक्त्यांपेक्षा दुरुस्त केलेल्या दहा जोडतारांना अधिक गुण द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना आणखी खोलात जायचे असेल त्यांच्यासाठी एक प्रयोग. चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात नळीचे, एकाच थानातले, आठ-दहा तुकडे सोडा. पाणी सावकाश तापवा. ६० अंशांपासून दर पाच अंशांनी चिमट्याने एक तुकडा बाहेर काढा, गार करून व्यास मोजा आणि तापमान व व्यास यांचा आलेख काढा. काही नळ्या पाण्यातच बऱ्याच आकसतील. काहींना उकळते पाणीही पुरणार नाही. आलेख एकदम कोसळतो की हळूहळू उतरतो? मग एक आकसलेला तुकडा उकळत्या पाण्यातून काढून, गरम असतानाच शिक्षकांच्या मदतीने निमुळत्या खुंटीवर ओढून बसवा आणि गार पाण्यात बुडवा. खुंटी काढल्यावर तो रुंद राहतो का, आणि पुन्हा तापवल्यावर कोठवर परततो, हेही त्याच वहीत टिपून ठेवा.